लांडग्याचा घास

आश्विन वद्य ३

आज नवा शब्द मिळाला, वुल्फ. म्हणजे लांडगा. डाक्तरसाहेबांनी (यापुढे नुसतं डा. लिहीन, बोटं दुखतात) पाटीवर चित्र काढून दाखवलं. मला ते कुत्रं वाटलं. तसं बोललो नाही. चाकरी नवी आहे.

काम असं. सकाळी संगमावरच्या बंगल्यात रोगी येतात. त्यांचं दुखणं मी इंग्रजीत सांगायचं, डा. बोलतील ते मराठीत. रोगी पांगले की ते मला इंग्रजी शिकवणार, मी त्यांना मराठी. 'ळ' त्यांना सात जन्मांत जमायचा नाही. लांडगा मात्र पहिल्या झटक्यात म्हणाले. त्यात ळ नाही हे लांडग्याचं नशीब.

घरी येऊन हिला सांगितलं. ही मांजरी गावच्या कुलकर्ण्यांची, माळावरची धनगरांची मेंढरं बघत वाढलेली. म्हणाली, "एका नावानं तो काय कमी खात होता, म्हणून दुसरं आणलंत?"

हिच्या नडगीची जखम अजून तशीच. श्रावणात पाटाचा कोपरा लागला, तेव्हा नखाएवढी होती. वैद्यबुवांचा लेप चालू आहे.

आश्विन वद्य ७

आज फजिती. डा.ना विचारलं, एवढा समुद्र ओलांडून आमच्या मुलखात का आलात? ते म्हणाले, लांडग्याला दारापासून लांब ठेवायला. मी मनापासून विचारलं, तुमच्याकडे दाराला कडी नसते का? डा. हसता हसता खुर्चीवरून पडायचे बाकी होते.

मग समजावलं. घरात दाणा नसला, पोरं उपाशी असली की त्यांच्याकडे लांडगा दाराशी आला म्हणतात. वडील वारले, मागे बहिणी होत्या, म्हणून जहाजात बसले. बोलताना खिडकीबाहेर बघत होते. नंतर म्हणाले, तुला हसलो त्याची लाज वाटते. हसले तेच, लाज त्यांनाच. चांगला माणूस आहे.

हे काकांना सांगितलं. वडलांच्या माघारी घर काकांच्याच शब्दानं चालतं. ते सुपारी कातरत होते. "म्हणजे त्यांच्या दारातला लांडगा त्यांनी आपल्या दारात आणून सोडला," म्हणाले आणि सुपारी तोंडात टाकली.

आश्विन वद्य १२

फराळाची गडबड. ही चुलीपुढे बसली, पण उठताना भिंत धरली. विचारलं तर "मुंग्या आल्यात पायाला." मुंग्या कसल्या. लेपाखालून वास येतो आता. तळहाताएवढी झाली आहे.

वैद्यबुवा आले होते. लेप काढला, बराच वेळ बघितलं. सरळ माणूस. मला बाहेर बोलावून म्हणाले, "मोरोबा, मला येतं तेवढं मी केलं. हे खात चाललंय. तुमचा तो साहेब चिरफाड करतो म्हणतात. त्याला दाखवा, मला राग यायचा नाही."

काकांना विचारलं. "परका पुरुष, त्यातून टोपीवाला. तो आपल्या सुनेचा पाय बघणार? काय बोलतोयस?"

दाखवायचं. मी ठरवलं आहे. पाय गेला तर तो काकांचा जाणार नाही.

कार्तिक शुद्ध २

पाडव्यालाही ही एका जागी बसून होती. ओवाळायला उठली तेव्हा ओठ चावलेला दिसला. आज पुन्हा काकांपुढे विषय काढला. नाही म्हणाले. जेवण झाल्यावर पुन्हा काढला. पान खाताना पुन्हा.

शेवटी म्हणाले, "ओसरीच्या आत येणार नाही. मध्ये पडदा. पडद्याखालून पाय, तोही गुडघ्याखालचा. आणि नंतर सगळी ओसरी सारवून घ्यायची." मी म्हटलं, मी स्वतः सारवीन. "तू सारवलंस तर पुन्हा सारवायला लागेल," म्हणाले. म्हणजे झालं कबूल!

कार्तिक शुद्ध ४

राग आलाय. माझाच मला.

डा. आले. घोडं नदीकाठी ठेवून पेठेतून पायी, माझ्यामागे. मागे भली मोठी गर्दी. ओसरीवर काका, दाराशी शेजारच्या गोदूकाकू आणि त्यांच्यामागे अर्धी नारायण पेठ. पडद्याखालून हिनं पाय पुढे केला. डा. खाली मांडी घालून बसले (त्यांना ती येत नाही, तरी बसले). बघितलं, वास घेतला, कडेला बोटानं दाबलं. आत ही हलली नाही.

मग एकच शब्द म्हणाले. वुल्फ.

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. पुन्हा विचारलं. पुन्हा तेच. सगळ्यांचे डोळे माझ्याकडे. दुभाष्यानं गप्प बसायचं नसतं, हे मला पहिल्या दिवशीच सांगितलेलं. मी म्हणालो, "लांडगा."

एवढ्यात छावणीतून स्वार आला, कुणी घोड्यावरून पडलं होतं. डा. तसेच उठून गेले. उद्या बोलू म्हणाले. गोदूकाकूंनी पदर तोंडाला लावला आणि निघाल्या. त्या घाईत निघाल्या की बातमी त्यांच्याही पुढे पळते.

कार्तिक शुद्ध ५

डा.ना पहाटेच गाठलं. ते म्हणाले, मांस खात जाणाऱ्या जखमेला आमचे जुने वैद्य वुल्फ म्हणतात. खातो म्हणून लांडगा. बस, एवढंच. माझे गुरू हाच शब्द वापरत, तोच तोंडात आला.

एवढंच! दुष्ट व्रण म्हटलं असतं तर लोक हळहळले असते, कुणी अंगारा आणून दिला असता. मी लांडगा म्हणालो.

विहिरीवर सकाळी: मोरोबाच्या बायकोला लांडगा चावला. दुपारी: लांडगा लागला. दिवेलागणीपर्यंत: तिला लांडग्याची बाधा आहे, साहेबानं नुसत्या वासावरून ओळखलं.

हिला सगळं सांगितलं. माझं चुकलं म्हणालो. ही खाली मान घालून वाती वळत राहिली. मला ते बोलण्यापेक्षा जड गेलं.

कार्तिक शुद्ध १२

तुळशीचं लग्न. हिला कुणाकडून बोलावणं नाही. दरवर्षी मंगलाष्टकांना हिचाच आवाज लागतो. आमच्या तुळशीपुढे घरचीच माणसं होती. काकांनी अंतरपाट धरला, मी अक्षता टाकल्या, हिनं बसल्या बसल्या सगळी मंगलाष्टकं म्हटली. मोठ्यानं. शेजारी ऐकू जाईल इतकी.

नंतर दारात पोरांनी लांडग्यासारखं ओरडून दाखवलं. मी काठी घेऊन उठलो. ही म्हणाली, "बसा हो. लांडगा असा ओरडत नाही. ही कोल्ह्याची ओरड आहे. पुण्यातल्या पोरांना कुठलं कळायला."

मी बसलो. पण ठरवलं. हा शब्द पेठेत मी आणला, मीच परत नेईन. घरोघर जाऊन सांगेन.

कार्तिक शुद्ध १५

घरोघर जाऊन आलो. परिणाम शून्य.

सांगितलं की तो शब्द जखमेचा आहे, खऱ्या लांडग्याचा नाही. एकानं विचारलं, "मग खोट्या लांडग्याचा का?" दुसरा म्हणाला, "बरं, नाही म्हणता ना? मग नाही," आणि दार लावून घेतलं. ओंकारेश्वरापाशी एका शास्त्रीबोवांनी सगळं नीट ऐकून घेतलं, मान हलवली आणि शांतीला किती ब्राह्मण बसवणार म्हणून विचारलं. गोदूकाकू तर म्हणाल्या, "तूच तर म्हणालास, माझ्या या कानांनी ऐकलं." खरंच आहे.

उद्यापासून हा नाद बंद. तोंडातून गेलेलं परत येत नाही. जखम मात्र बरी करता येईल. तिकडेच लक्ष.

कार्तिक वद्य ३

डा.नी गंमत म्हणून सांगितलं. त्यांच्या आजीच्या गावी अशा जखमेवर ताज्या मांसाचा तुकडा बांधत. लांडगा ते खाईल आणि माणसाला तेवढा वेळ सोडेल म्हणून. स्वतः डा. हे मानत नाहीत, अडाणीपणा म्हणतात.

घरी सांगताना मी मांस गाळलं. ब्राह्मणाच्या घरात कसं बोलणार? म्हटलं, त्यांच्याकडे लांडग्याला घास बांधतात. ही विचारात पडली. म्हणाली, "जखमेवर अन्न बांधायचं नाही. पण घास काढून ठेवायला काय हरकत आहे? गाईला काढतो, कावळ्याला काढतो."

दुपारी स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात पानाच्या तुकड्यावर दहीभाताचा घास. आमची मांजर सुखात आहे.

कार्तिक वद्य ९

डा.च्या खोलीत माणसाएवढी सारंगी आहे. दोन गुडघ्यांत धरून वाजवतात. आज रोगी कमी होते म्हणून वाजवत बसले. गोड चालली होती आणि मधेच एका सुराला घोगरं, थरथरतं ओरडली. अंगावर काटा आला. डा. म्हणाले, हाही वुल्फ.

मी कपाळाला हात लावला. विचारलं, काढून नाही टाकता येत? नाही म्हणाले. तो लाकडातच असतो. कुठे बसला आहे ते ठाऊक हवं. तिथे आलं की गुडघे घट्ट आवळायचे, बोट जोरानं दाबायचं, आणि न थांबता पुढे जायचं.

मग सारंगी बाजूला ठेवून पायाचं बोलले. औषधानं होणार नाही. खराब मांस सगळं कापून काढायचं, कडा जाळायच्या. लवकर. आणि हाडापर्यंत गेलं असेल तर गुडघ्याखाली पाय काढावा लागेल. मी पुन्हा सांगा म्हटलं. पुन्हा तेच सांगितलं, सावकाश, सोप्या शब्दांत. मला पहिल्या वेळीच समजलं होतं.

हिला कापण्याचं सांगितलं. गुडघ्याचं नाही. मला भीती वाटते. इथे तरी खरं लिहितो.

कार्तिक वद्य १२

काकांशी भांडण. चाकू म्हटल्यावर भडकले. आणि आज मी मूर्खपणा केला. डा.नी सांगितलेला आणखी एक अर्थ बोलण्याच्या ओघात काकांना सांगून बसलो: मेंढीचं कातडं पांघरून कळपात शिरतो तो लांडगा, म्हणजे वरून साधा, आतून घातकी माणूस.

काका म्हणाले, "मग साहेब स्वतःच सांगतोय की. तुला ऐकायला येत नाही एवढंच."

मी म्हटलं, तो जे असेल ते असो, त्याच्या हातात चाकू बरा आहे. काका म्हणाले, या घरात सुनेवर असला प्रसंग येणार नाही. मी म्हटलं, मग दुसऱ्या घरात येईल. बिऱ्हाड करतो वेगळं.

आयुष्यात पहिल्यांदा उलटून बोललो. काका उठून आत गेले. अबोला.

कार्तिक वद्य ३०

अबोला चालूच. काकांचं ताट मी वाढलं, त्यांनी त्याकडे मांजरीनं वाढल्यासारखं बघितलं.

संध्याकाळी हिनं विचारलं. मी पायाची पट्टी बदलत होतो. (आता रोज मीच बदलतो. सवय झाली. पहिल्या दिवशी बाहेर जाऊन ओकलो होतो, ते हिला माहीत नाही.) म्हणाली, "लांडगा भात खात नाही. मी मांजरीची आहे. ते लोक मांस बांधतात ना?"

हो म्हटलं.

"आणखी काय काय गाळलंत?"

खोटं बोलायला तोंड उघडलं, पण हिनं माझ्याकडे असं बघितलं की नाही जमलं. गुडघ्याचं सांगितलं. ही पायाकडे बघत राहिली. पैंजण आता दुसऱ्याच पायात आहे, एकच. मग म्हणाली, "बाहेर सगळ्यांना सगळं खरं सांगता. त्या तुमच्या साहेबाचा शब्द न् शब्द. आणि घरात मला भात?"

रडू आलं मला. तिला नाही आलं.

मग तिनं अट घातली. कापताना डा. जे बोलतील ते सगळं तिला सांगायचं. शब्दाला शब्द. गोड करायचं नाही, गाळायचं नाही. तरच पाय पुढे करीन म्हणाली. मी तिच्या हातावर हात ठेवून वचन दिलं.

"आणि लांडगाच म्हणायचं," म्हणाली. "व्रण म्हटलं की नुसतं बसून कण्हायचं. लांडगा म्हटलं की निदान उठून हाकलावासा तरी वाटतो. तुमचं ते एक बरोबर आलं होतं, चुकून का होईना."

मार्गशीर्ष शुद्ध २

काका सकाळी माझ्या खोलीच्या दारात. हातात पंचांग.

"कधी येणार आहे तो?"

मी म्हटलं, आपण सांगाल तेव्हा.

"मी कोण सांगणारा. तू बिऱ्हाड करणारा माणूस." मग पानं उलटत म्हणाले, "पंचमी बरी आहे. चंद्रबळ आहे तिला."

पाया पडलो. "ऊठ, ऊठ. वेगळं बिऱ्हाड म्हणे! भात तरी लावता येतो का?"

मार्गशीर्ष शुद्ध ५

झालं. सगळं लिहून ठेवतो.

डा. सकाळी आले, उजेड चांगला हवा म्हणून. गरम पाणी, स्वच्छ धोतरं फाडून केलेल्या पट्ट्या, सगळं तयार. पडदा होता. हिनं पाय बाहेर केला आणि पडद्याच्या कडेनं हात बाहेर काढून माझं मनगट धरलं. काका आमच्याकडे पाठ करून उभे राहिले आणि स्तोत्र म्हणू लागले. एवढ्या मोठ्यानं मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. पेठेला दुसरं काही ऐकू जाऊ नये म्हणून, हे नंतर लक्षात आलं.

डा.नी अफूचा अर्क दिला. हिनं अर्धाच घेतला. "पुरा घेतला तर ऐकू येणार नाही," म्हणाली. डा. नको म्हणत होते. मी त्यांचं 'नको' तिला सांगितलं, तिचं 'नाही' त्यांना.

मग डा.नी तिचं नाव विचारलं. दुखणाऱ्याशी नावानं बोललं की धीर येतो म्हणाले. मी अडलो. लग्न झाल्यापासून उखाण्याशिवाय ते तोंडात घेतलेलं नाही. काकांचं स्तोत्र क्षणभर थांबलं. मी म्हटलं, उमा. काकांनी पुढची ओळ उचलली.

चाकू लागला. मनगटाला नखं रुतली. डा. बोलत होते, मी सांगत होतो. "काळं मांस निघतंय." "कड कठीण आहे, आणखी खोल जातोय." "रक्त चांगलं लाल आहे." मग डा. थांबले, वाकले, म्हणाले, पांढरं दिसतंय.

मला ते गिळायचं होतं. देवाशपथ गिळायचं होतं. सांगितलं, "पांढरं दिसतंय."

आतून आवाज आला, "काय पांढरं? हाड?"

डा.ना विचारलं. ते बोटानं चाचपत राहिले. काकांचं स्तोत्र संपलं, त्यांनी पुन्हा पहिल्यापासून धरलं. मग डा. म्हणाले, हाड नाही. स्नायूची दोरी आहे. हाड झाकलेलं आहे.

"हाड नाही," मी ओरडलोच. "दोरी आहे, दोरी!"

कडा जाळताना मात्र ती किंचाळली. एकदाच. काकांचा आवाजही तेव्हाच फाटला. ओसरी मी सारवली. काकांनी पुन्हा सारवून घेतली नाही.

मार्गशीर्ष शुद्ध ८

ताप. भरपूर. बडबडते, मांजरीच्या माळाचं. मेंढरं आत घ्या म्हणते. डा. सकाळ-संध्याकाळ येतात. ताप येणारच म्हणाले. किती दिवस, ते सांगत नाहीत. विचारलं तर म्हणाले, जे मला माहीत नाही त्याचं भाषांतर कसं करशील?

वैद्यबुवांनी काढा पाठवला. डा.नी वास घेतला, देऊ दे म्हणाले.

मार्गशीर्ष शुद्ध १२

ताप उतरला. पहाटे कपाळ गार. मी देवापुढे बसलो आणि काही मागायचंच सुचलं नाही.

मार्गशीर्ष वद्य १

भूक लागली आहे हिला. तीन वेळा खाते, मधे गूळ मागते. डा.ना सांगितलं, ते खूश. म्हणाले, तिच्या पोटात आता वुल्फ बसला आहे. तीव्र भुकेलाही हाच शब्द! मी म्हटलं, हे आमच्याकडेही आहे. भीमाचं नाव वृकोदर, लांडग्याच्या पोटाचा. डा.ना इतका आनंद झाला की दोनदा म्हणवून घेतलं.

हिला सांगितलं. "मला भीम म्हणाले?" फणकारली. मग म्हणाली, "पायातून पोटात आला असेल तर बरंच झालं. पोटातल्याला खाऊ घालता येतं."

कोपऱ्यातला घास मात्र रोज निघतो. मी विचारत नाही.

मार्गशीर्ष वद्य ६

गोदूकाकू वाटीत मुगाचं कढण घेऊन आल्या. दारातूनच, "गेला का गं लांडगा?"

ही आतून, "नाही अजून. या ना आत, ओळख करून देते."

कढण उंबऱ्यावर ठेवून गेल्या. कढण चांगलं होतं.

मार्गशीर्ष वद्य १२

आज डा.नी जखम नीट बघायची म्हणून सगळी पट्टी सोडली. तळाचं मांस छान, गुलाबी. पण वरच्या कडेला लालभडक उंचवटे आलेत, कातडीच्याही वर. गेल्या आठवड्यात नव्हते. मी रोज पट्टी बदलतो. काल मला ते दिसले होते. मी स्वतःला दिसले नाहीत असं म्हणत होतो.

डा. बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, आज सांगता येत नाही. एक तर लांडगा परत आला आहे. नाही तर हे प्रौड फ्लेश आहे.

पडद्यामागून, "काय म्हणाले?"

वचन दिलेलं. शब्दाला शब्द. पहिलं सांगितलं: लांडगा परत आला असेल. दुसऱ्याचा अर्थ डा.ना विचारून घेतला. जखम भरताना नवं मांस कधी कधी गरजेपेक्षा जास्त उसळून वर येतं. त्याला ते प्रौड म्हणतात. प्रौड म्हणजे अभिमानी. मी म्हटलं, "नाही तर ते अभिमानी मांस असेल."

आतून हसण्याचा आवाज. ती हसतच म्हणाली, "मग ते माझंच असणार. लांडग्याला कसला अभिमान? त्याला नुसती भूक."

डा.नी विचारलं, काय म्हणतात? त्यांनाही शब्दाला शब्द सांगितलं. ते पडद्याकडे बघत राहिले. मग डोक्यावरची टोपी काढून हातात धरली. याला कुठला शब्द वापरावा कळेना. मी म्हटलं, "साहेबांनी टोपी काढली."

"का? उकडतंय का त्यांना?"

हे मात्र मी डा.ना सांगितलं नाही. वचन एकाच बाजूचं होतं.

त्यांनी मांस जाळणाऱ्या औषधाच्या कांडीनं उंचवट्यांना हलकेच स्पर्श केला, नवी पट्टी बांधली. तसं मांस असेल तर बसेल. लांडगा असेल तर आणखी वाढेल, आणि मग पुन्हा चाकू, आणि तेव्हा गुडघ्याचं बोलावं लागेल. तेही तिला सांगितलं. काका ऐकत होते. म्हणाले, "पुढची तिथीही मीच काढीन. लागली तर."

दिवे लागल्यावर स्वयंपाकघरात डोकावलो. ही भिंतीला टेकून, पाय पुढे सोडून जेवत होती. कोपऱ्यात पान होतं, रिकामं. मांजर त्याच्याशेजारी बसून तिच्याकडे बघत होती.

"आज घास नाही काढला?"

"काढलाय की." तिनं स्वतःच्या ताटातल्या दहीभाताकडे बोट केलं. "आजपासून माझ्या मांसाला. दुसरा कुणी असेल तर राहू दे उपाशी."

आणि तो घास खाल्ला. संक्रांत झाली की डा. पट्टी सोडून काय ते नक्की सांगणार आहेत.